दगडावरचं नाव

निल्सने मिनेसोटाहून आपल्या वाग्दत्त वधूच्या, हुल्डाच्या नावाने बोटीचं तिकीट पाठवलं, तेव्हा ती गोवराने अंथरुणाला खिळली होती. धाकटी बहीण सेल्मा ते तिकीट घेऊन पळाली, हुल्डा म्हणून अमेरिकेत उतरली आणि हुल्डा म्हणूनच निल्सची बायको झाली. वर पत्र पाठवलं, "ताई, कागदोपत्री आता मीच तू. राग मानू नकोस."

अठ्ठेचाळीस वर्षं हुल्डाने स्वीडनमध्ये तो राग नीट जपून ठेवला. मग सेल्माचा मुलगा आर्विद घराण्याचा इतिहास लिहायला बसला, तेव्हा त्याने मावशीचा पत्ता शोधून काढला आणि आई शेवटच्या घटका मोजतेय म्हणून तिला बोलावून घेतलं. ती पोचली, तोवर सेल्मा गेली होती.

"या, सेल्मामावशी," म्हणत आर्विद तिला चर्चमागे घेऊन गेला. निल्सच्या थडग्याच्या दगडावर त्याच्या नावाखाली 'पत्नी हुल्डा' असं आधीच कोरलेलं होतं. शेजारी ताजा खड्डा खणून तयार होता.

हुल्डाने पिशवीतून आपला बाप्तिस्म्याचा दाखला काढला आणि सगळं सांगितलं. आर्विदचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे आईच सेल्मा? अहो मावशी, उद्या दफन आहे! एका रात्रीत हा दगड बदलायचा कसा?"

हुल्डाने कोरलेल्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं.

 

"दगड कशाला बदलतोस? त्यावरचं नाव बरोबर आहे. तुझ्या आईचा खड्डा बदल."