अंगणातली पावलं

"हे बघ, परत!" शेजारीण सिस्टर झिल्फा कुंपणावरून ओरडली. "लोवी, अगं तुझ्या अंगणातून पुरुष चालत गेलाय!"

लोवी दारात आली. रविवारची सकाळ. चर्चला जायचा पांढरा झगा तिच्या अंगावर होता, त्याची किनार कुंपणामागच्या गवतातल्या दवाने ओली झाली होती.

"कुठला पुरुष?" ती म्हणाली.

"ते तूच सांग, बाई!"

आमच्याकडे अंगणात गवताचं पातं उगवू देत नाहीत. शनिवारी संध्याकाळी माती अशी झाडायची की कोंबडी चालली तरी कळावं. लोवीचं अंगण गावात सगळ्यात लख्ख. त्या मातीत मोठ्या बुटांची पावलं पायरीपासून फाटकापर्यंत गेली होती. आत येणारं एकही नव्हतं.

"म्हणजे झाडण्याआधीच आत घेतलंस त्याला!" झिल्फाने तर्क लढवला आणि न बोलावता स्वयंपाकघरात येऊन बसली. लोवीने तिला कॉफी दिली, गरम मक्याची भाकरी दिली, वर काकवी वाढली. चर्चची घंटा होईपर्यंत झिल्फा हलली नाही.

बाप गेल्यापासून या वसंतापर्यंत त्या घरात असं कुणी बसलंच नव्हतं. बाप प्रायमस, गुलामीत जन्मलेला. ऐन विशीपर्यंत दुसऱ्याच्या कापसात अनवाणी राबला. सुटका झाल्यावर पहिल्या कमाईचे त्याने बूट घेतले आणि टाचा बदलून बदलून मरेपर्यंत वापरले. लेकीने त्याचं करता करता स्वतःचं लग्न राहू दिलं. तो गेला तेव्हा तिचे केस पिकायला लागले होते. रिवाजाप्रमाणे त्याच्या वापरातल्या शेवटच्या वस्तू तिने थडग्यावर मांडल्या. फोडलेला कप, चष्मा, कंदील.

"आणि बूट गं?" झिल्फाने तेव्हा विचारलं होतं.

"पायात आहेत त्याच्या," लोवी म्हणाली होती. पेटीला खिळे ठोकून झाले होते.

मग लोक आपापल्या घरी गेले ते गेलेच. लोवीचं फाटक कुणी उघडेना. ती रस्त्याकडे तोंड करून जेवायची, म्हणजे निदान कुणी जाताना तरी दिसेल. घर खायला उठायचं.

या वसंतात पावलं दिसायला लागली आणि घर कसं भरून गेलं! चार बायका आल्या, दुसऱ्या दिवशी आणखी आल्या. "कापसाच्या गिरणीवरचा का गं?" "दाढी आहे का?" लोवी लाजायची, कॉफी ओतायची आणि नाव काही सांगायची नाही. बायका घरी जाऊन नवऱ्यांचे बूट तपासायच्या. दोन घरांत तर भांड्यांची आदळआपट झाली.

त्या रविवारी मात्र प्रार्थना संपल्यावर डीकन अँब्रोज अर्धं गाव घेऊन लोवीच्या फाटकाशी आला. चर्चच्या शिस्तीचं सगळं त्याच्याकडे होतं, आणि त्याला ते आवडायचं.

"सिस्टर लोवी, पुरे झाला हा तमाशा. त्या माणसाचं नाव सांग."

"नाही सांगता येणार, डीकन."

"मग चर्चमधून नाव कापतो. आणि बाहेर म्हणजे मेल्यावरही बाहेर. बापाच्या थडग्याशेजारची जागा तुला मिळायची नाही."

लोवीने पायरीचा खांब धरला. "ती जागा माझी आहे. बाबांनी स्वतः दाखवलीय मला."

"मग नाव सांग!"

जगात तिचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, बापाशेजारची ती हातभर माती.

डीकनने गर्दीत हाक मारली. "ब्रदर रॅन्सम, पुढे ये. गावाचे बूट तूच दुरुस्त करतोस. टाचेला अर्धी नाल ठोकलीय बघ. हे तुझंच काम. बूट कुणाचा?"

रॅन्सम विधुर, चार माणसांत खाकरायलाही संकोचणारा. तो गुडघ्यावर बसला. टाचेच्या ठशावरून त्याने बोट फिरवलं. मग वर लोवीकडे पाहिलं. पायरीचा खांब तिने अजून सोडला नव्हता.

"ओळखलंस?" डीकन म्हणाला.

"ओळखलं." रॅन्समने गुडघे झटकले. "माझा."

"अगं बया!" झिल्फा किंचाळली. "हा घुम्या?"

"आणि इतके दिवस गप्प बसलास?" डीकनने दरडावलं.

"मला कुणी विचारलंच नाही."

"पायात तर दुसरेच बूट दिसतायत!"

"मग काय, नाल ठोकलेले घालून चर्चमध्ये खडखडत येऊ?"

लोक हसले. डीकनला हसू आवडलं नाही. "लग्न करणार आहेस की नाही, ते बोल."

"ती हो म्हणाली तर," रॅन्सम म्हणाला आणि टोपी काढून उभा राहिला.

सगळे लोवीकडे वळले. ती त्याच्याकडे बघतच राहिली. "आधी धड विचारावं तरी माणसाने," ती शेवटी म्हणाली, आणि बायकांनी टाळ्या पिटल्या.

प्रकरण मिटलं. जागाही राहिली. गर्दी पांगल्यावर रॅन्सम एकटाच फाटकाशी रेंगाळला.

"पुढच्या रविवारी जेवायला येतो," तो खाली बघत म्हणाला. "फाटकातून, सगळ्यांदेखत. आत येणारी पावलंही दिसू देत लोकांना."

"या," लोवी म्हणाली. तिला रडू फुटलं.

दुपार कलल्यावर तिने पिठाच्या पिंपामागून अर्धी नाल ठोकलेले बापाचे बूट काढले, आपल्या पायांना घट्ट बसावेत म्हणून आत कोंबलेल्या चिंध्या एकेक करून ओढून टाकल्या, आणि ते त्याच्या थडग्यावर, फुटक्या कपाशेजारी ठेवून आली.