वाटीभर पावडर

आठ वर्षं लॅबमध्ये खपून बाईंनी ती पावडर बनवली होती. तिच्या कणाकणाला इतकी बारीक छिद्रं, की पाण्यातलं शिसं आत शिरलं की तिथेच अडकून बसायचं. नाल्याकाठच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडल्यापासून तर बाईंनी रविवारची सुट्टीही सोडली होती.

त्यामुळे त्याच नाल्यात पाणी सोडणाऱ्या बॅटरी कारखान्याचे मॅनेजर स्वतःहून लॅबमध्ये आले, तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच कागद पुढे ओढला.

"तुमचं रोजचं सांडपाणी बघता महिन्याला दोन टन तरी पावडर लागेल."

"छे हो बाई, वाटीभर पुरे."

"अहो साहेब, वाटीभर पावडरीत जेमतेम बादलीभर पाणी साफ होईल."

"मग झालं तर," मॅनेजर समजूत घातल्यासारखे हसले आणि पुढे म्हणाले,



"तपासणीवाले महिन्यातून एकदाच येतात आणि बाटलीच भरून नेतात. ते ज्या नळाखाली बाटली धरतात ना, तेवढ्या नळातच बसवायचीय."