डावा, उजवा की दोन्ही

"माधवी, यशूचे कान एकदा दाखवून घे. गालफुगी उतरली म्हणजे सगळं उतरलं, असं नसते."

करुणाताई फोनवर म्हणाली होती. माधवीची मोठी बहीण, चंद्रपूरला नर्स. एरवी माधवी एवढ्यावर उठून बस पकडणारी बाई. पोर शिंकली की ही कपाळाला हात लावणार, ताप निघाला नाही तर थर्मामीटरवर संशय घेणार. नवरा चिडवायचा, "तुले पोरगी नाई, पेशंट पाह्यजे होती!" सासूही पदराआड हसायची. त्या दिवशी माधवीनं ठरवलं, पुरे झालं हसू. बी.एस्सी. शिकलेली बाई आपण, किती घाबरायचं? गाल सुजले होते, कान नव्हे. आणि यशू हाकेला ओ देत होती. "पाहू," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

ते मागच्या थंडीत.

कोरपन्याच्या मुख्य रस्त्यावर तिच्या नवऱ्याचं, नागसेनचं, सीडीचं दुकान होतं, मागे घर. लोक आता डिस्क भाड्यानं नेत नव्हते, मोबाइलात पिक्चर भरून मागत होते. डिस्कवरचा पिक्चर कॉम्प्युटरवर उतरवून त्याची फाइल बनवायचं काम माधवीचं. आदिलाबादकडून येणाऱ्या डिस्कमध्ये आवाजाच्या एका बाजूला, म्हणजे हेडफोनच्या एका कानात, हिंदी आणि दुसऱ्या बाजूला तेलुगू असायची. दोन्ही तशाच उतरवल्या तर हीरो एका तोंडानं दोन भाषांत भांडायचा. म्हणून फाइल बनवण्याआधी ठरवावं लागायचं: डावा, उजवा की दोन्ही? गिऱ्हाइकाला हिंदी हवी असायची आणि ती जवळजवळ नेहमीच डावीकडे असायची.

हेडफोन लावून ऐकायचा मान यशूचा. सहा वर्षांची पोर स्टुलावर पाय हलवत बसायची आणि मोठ्या मॅडमसारखी सांगायची, "येते. चालू दे."

त्या दुपारी समोरच्या रस्त्यावरून सिमेंटचे ट्रक एकामागून एक चालले होते. काउंटरची काच थरथरत होती. माधवीनं नवी डिस्क लावली, डावी बाजू ठेवली.

"येते. पन तेलुगू हाये."

म्हणजे या डिस्कवर उलटं होतं. माधवीनं डावा आवाज बंद करून उजवा चालू केला.

"बंद पडलं," यशू म्हणाली.

"नीट लाव कानाला."

"लावलंच हाये ना. नाई येत."

माधवीनं आवाज वाढवला. अजून वाढवला. यशू पडद्याकडे शांतपणे पाहत होती. पडद्यावर कुणीतरी छाती पिटून रडत होतं.

"वायर गेली वाटते," माधवी पुटपुटली.

"मी बाबाले बोलावतो!" यशूनं हेडफोन काढला आणि उडी मारून पळाली. नागसेन रस्त्यापलीकडे, डाव्या हाताच्या टपरीवर चहा घेत उभा होता.

वायर चाचपत माधवीनं हेडफोन स्वतःच्या कानांना लावला.

उजव्या कानात किंकाळी घुसली. हिंदीतली. स्वच्छ, इतकी मोठी, की तिनं झटक्यात हेडफोन ओरबाडून काढला.

वायर ठीक होती. डिस्क ठीक होती.

तिला एकेक आठवू लागलं. डाव्या कुशीवर झोपलेली यशू फटाक्यांनीही उठत नाही. स्वयंपाकघरातून हाक मारली तर अंगणात शोधत जाते. ट्रक आला की भलत्याच दिशेला पाहते, आणि "लक्ष कुठं असते तुझं?" म्हणून माधवीनं तिला किती रागावलं होतं!

बाहेर हॉर्न वाजला. लांबलचक.

माधवी दारात आली. यशू डांबराच्या कडेला उभी होती. ट्रक उजवीकडून येत होता. यशूनं हॉर्न ऐकला, आणि शहाण्या मुलीसारखं डावीकडे पाहिलं. डावीकडे रस्ता मोकळा होता.

"यशू" हा शब्द माधवीच्या ओठांपर्यंत आला, आणि तिनं तो गिळला. पोरीला प्रत्येक आवाज डावीकडूनच येतो. डावीकडे टपरी होती, टपरीवर बाप होता. ही हाक तिला टपरीवरूनच आल्यासारखी वाटली असती. ती धावत सुटली असती.

माधवी तोंड मिटून पळाली.

यशूनं पाऊल उचललं तेव्हा तिच्या फ्रॉकची मागची नाडी माधवीच्या मुठीत आली. दोघी धुळीत मागे पडल्या. ट्रकची चाकं त्यांच्या पायांतून निसटलेल्या चपलांवरून गेली. पलीकडे नागसेनच्या हातातला ग्लास फुटला.

"काऊन ओढलं मले?" यशू रडवेली झाली. "म्या पाह्यलं होतं ना!"

माधवीनं तिला मांडीवर घेतलं. तिच्या उजव्या कानाला बोट लावलं. "बाळा, या कानानं ऐकू येत नाई, हे आईले सांगितलं काऊन नाई?"

यशूचं रडणं थांबलं. तिनं आईच्या एका कानाला हात लावला, मग दुसऱ्याला. जणू पहिल्यांदाच मोजत होती.

"तुले दोन्हीकून येते?"

माधवी आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक आईला थांबवते. तुम्हालाही सांगते. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात गालफुगीतून उठलेलं एखादं लेकरू असेल. त्याला विचारू नका. ते खोटं बोलणार नाही, पण त्याला ठाऊकच नसेल. आज त्याला जवळ घ्या. त्याचा एक कान तळहातानं घट्ट झाका, आणि त्याला तुमचे ओठ दिसणार नाहीत असे, दुसऱ्या कानाशी हळूच त्याचं नाव घ्या.

मग बाजू बदला.