मागचा आवाज

"काकू, तो मागचा आवाज काढायचा, असं ठरलंय," क्षितिज शेवटी म्हणाला.

एवढं एक वाक्य बोलायला त्याला दोन कप चहा आणि वाटीभर चिवडा लागला होता. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमध्ये रोज पंचवीस माणसांना कामाला जुंपणारा हा गृहस्थ, पण संजीवनीबाईंच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये आला की खुर्चीच्या टोकावर अवघडून बसे.

"मागचा म्हणजे कुठला रे?"

"सिग्नेच्या मागून अधूनमधून येतो ना, बारीकसा. तो."

"बरं," म्हणून संजीवनीबाईंनी चष्मा पुसायला घेतला.

सिग्ने ब्राटलांड हे क्षितिजचं कॉलेजपासूनचं वेड. नॉर्वेतल्या बर्गेन बंदरावरच्या एका खानावळवाल्याची ही मुलगी. एकोणिसाव्या वर्षी तिची पहिली रेकॉर्ड निघाली आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती जॅझ गात राहिली. तिच्या एकोणीस रेकॉर्ड्स क्षितिजकडे होत्या, आणि कुठल्या गाण्यात ती कुठे श्वास घेते हेही त्याला पाठ होतं. त्याच्या बायकोला या माहितीचा काडीचा उपयोग नव्हता, तरी तीही तिला ऐकून ऐकून पाठ झाली होती.

उतारवयात सिग्ने नवऱ्याच्या नोकरीपायी सिंगापूरला आली आणि हौगांगला संजीवनीबाईंच्याच मजल्यावर राहू लागली. तिथेच तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. बाई संपली, असं सगळे म्हणाले. कंपनीशी तीन अल्बमचा करार तेवढा शिल्लक होता.

आणि दोन वर्षांनी ते अल्बम आले, एकामागोमाग एक. शब्द नाहीत, नुसते आलाप. संजीवनीबाईंच्या हॉलमध्ये एका माइकवर ध्वनिमुद्रण झालेलं, खाली तंबोरा, आणि पियानो नंतर ओस्लोत भरलेला. आवाज खर्जात उतरलेला, भरीव. आजारपणाने तिला नवा गळा दिला, असं तिकडच्या समीक्षकांनी लिहिलं. सिग्ने मात्र पुन्हा स्टेजवर गेली नाही, कुणाला मुलाखतही दिली नाही. गेल्या वर्षी ती वारली.

आता ओस्लोची कंपनी तिचं सगळं गाणं नव्याने काढत होती. शेवटच्या तीन अल्बमची साफसफाई आली होती क्षितिजकडे. शनिवार-रविवार आवाजाची कामं करणाऱ्या माणसाला याहून मोठं काय मिळणार? तो हरखून गेला होता. अडचण एकच होती. या तीन अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणं सिग्नेने मृत्युपत्रात संजीवनीबाईंच्या नावे केली होती. त्यांच्या सहीशिवाय पान हलणार नव्हतं.

मागच्या आवाजाचं कोडं ओस्लोवाल्यांना सुटत नव्हतं. ते क्षितिजने सोडवलं. आमच्याकडे गाणारा पुढे बसतो, शिष्य तंबोरा घेऊन मागे बसतो आणि मधूनमधून आवाज देतो, असं त्याने लांबलचक ईमेल लिहून कळवलं. मागे बसल्या होत्या त्या शेजारच्या संजीवनीबाई. पुण्याला लहानपणी आजोबांबरोबर सवाईगंधर्वला जाऊन बसलेला त्याच्यासारखा मराठी माणूस नसता, तर हे त्या लोकांना कधी कळलंच नसतं, याचा त्याला थोडा अभिमानही होता.

"तुम्ही दोघी रोज बसायचात ना?" त्याने विचारलं.

"ती शिकायला यायची माझ्याकडे. रोज सकाळी, सात वर्षं. येताना बाजारातून पपई आणायची."

म्हातारपणी हौस म्हणून सा रे ग म, क्षितिजने मनाशी म्हटलं. संजीवनीबाई स्वतः आता गात नसत. दम्याने त्यांचं गाणं सुटलं होतं, त्यामुळे त्याने त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"काकू, रागावू नका, पण तो आवाज जरा कणसूर आहे."

"जरा? चांगलाच कणसूर आहे. शेवटच्या अल्बममध्ये तर फारच."

स्वतःबद्दल असं कोण बोलतं? क्षितिजला ओशाळल्यासारखं झालं. तो घाईघाईने म्हणाला, "तुमचं नाव येईल हां. तंबोऱ्याची साथ, संजीवनी लिमये. मी कबूल करून घेतलंय."

"नाव नको. तसं आमचं ठरलं होतं."

आतल्या खोलीतून त्यांची नात श्रिया ओरडली, "आजी, जस्ट साइन लाह! ही केम ऑल द वे."

क्षितिजने लॅपटॉप उघडून साफ केलेला आलाप लावला. एकच आवाज हॉलभर पसरला, स्वच्छ, भरदार. संजीवनीबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. आलाप संपला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"आवडलं?"

"एकटं वाटतं रे."

क्षितिजने लॅपटॉप मिटला. या बाईंच्या आयुष्यभराच्या गाण्यातलं एवढंच कुठेतरी उरलं होतं, आणि तेही आपण पुसायला निघालोय. पण काम ते काम. त्याने कागद पुढे सरकवला आणि पेन काढून दिलं.

संजीवनीबाईंनी पेन घेतलं, पण टेकवलं नाही. "सही करते. मागचा आवाज मात्र राहू दे."

"काकू, लोक सिग्नेला ऐकायला घेणार हो," तो शक्य तितक्या हळू म्हणाला.

"म्हणूनच सांगते," संजीवनीबाई म्हणाल्या. "मागे ती बसायची."