चौथी पन्हळ

चौथ्या पन्हळीतल्या अळ्या आजही जिवंत होत्या. बाईंनी भिंग खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

बाईंच्या प्रयोगशाळेत मांडलेल्या चार पन्हळींपैकी पहिलीत कोमट पाणी वाहत होतं, दुसरीत खारट, तिसरीत गढूळ. चौथीत तिन्ही एकदम. नदीकाठी रंगाचा कारखाना उभा राहिला होता आणि त्याचं सांडपाणी असंच असणार होतं. एकेक त्रास नदीतले जीव कसाबसा सोसतात, पण तिन्ही एकदम आले की पटापट मरतात, असं बाई वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत होत्या. शेवटी कारखान्याला परवानगी देणाऱ्या समितीने म्हटलं, बरं, दाखवा मारून. कारखान्याचं पाणी नदीत सोडायचं की नाही, हे आता या चौथ्या पन्हळीवर ठरणार होतं.

आणि या मेल्या मरायलाच तयार नव्हत्या!

वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळी करायची आणि ती ओढत दगडांखाली हिंडायचं, हा या अळ्यांचा संसार. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसंच यांचं. म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्यांना बिऱ्हाडवाल्या म्हणत. चौथीतल्या बिऱ्हाडवाल्या वाढत नव्हत्या, पण हटतही नव्हत्या. बाईंनी खूप डोकं खाजवलं. वाढ थांबवून जीव राखतात, दुसरं काय? चिवट जात!

बाई हुशार होत्या, पण जिभेला हाड नव्हतं. आधीच्या शिपायाने अळ्यांची टाकी उन्हात विसरली आणि सगळ्या उकडून गेल्या. बाईंनी त्याला त्याच दिवशी हाकललं. त्याच्या जागी मावशी आल्या, तेव्हा दारातच दम भरला, "इथली एक जरी अळी मेलेली दिसली, तर तुमची नोकरी गेली. कळलं?" मावशींच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. तेव्हापासून बाई यायच्या आत पन्हळी साफ केलेल्या असत, आणि मावशींची कधी तक्रार म्हणून नसे.

समितीपुढे बाई ताठ उभ्या राहिल्या. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तिन्ही त्रास एकदम आले तरी हे जीव तगतात. मी डोळ्यांनी पाहिलंय." कारखान्याचे मालक खुर्चीतून उठून हात मिळवायला आले. बाईंनी हात मिळवला. खरं ते खरं. घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "चारचौघांत स्वतःचं नाक कापून घ्यायलाही छाती लागते." त्या दिवशी त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला.

कारखान्याचं पाणी नदीत सुटलं. पन्हळी मात्र चालूच राहिल्या. आता लांबून लांबून लोक हे नवल बघायला यायचे, आणि बाई भिंग पुढे करून हसत सांगायच्या, "बघा, कशी तग धरलीय पठ्ठ्यांनी!"

एका सकाळी बाई आल्या तर मावशी दारातच बसलेल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, पुढ्यात रिकामी बादली, डोळे रडून लाल.

"काय झालं हो मावशी?"

"बाई, मला काढू नका. पुलापासून वळणापर्यंत सगळे दगड उलटे केले. नदीत एक बिऱ्हाडवाली उरली नाही. सगळ्या मरून पडल्यात."

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "पण... तुम्ही नदीत कशाला गेलात?"

"मग पन्हळीत काय घालू?"

"घालू म्हणजे?"

मावशी चाचरल्या. मग त्यांना वाटलं, इतक्या दिवसांच्या इमानाचं सांगावं, म्हणजे तरी बाईंना दया येईल. त्यांनी डोळे पुसले.

"चौथीतल्या तर रोज पहाटे झाडून सगळ्या मेलेल्या असायच्या. तशीच नदीवर जाऊन ताज्या आणायची, बाई. एकदा तरी तुमच्या नजरेला मेलेली पडू दिली का?"