आमटीला च्यव नाही

"च्यटणी," मोबाइल म्हणाला.

माझ्याकडे पाठ करून लसूण सोलणारी अनुसया, माझी बायको, जरा थांबली. "चटणी. पुढचा."

कॅन्सरमुळे माझं स्वरयंत्र काढून टाकलं. डॉक्टर म्हणाला, आता लिहून दाखवायचं. बायकोला वाचता येतं का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. मग मोबाइल आणला. मी टाइप करायचं, त्यानं बोलायचं. आवाज बाईचा, आणि त्या बाईला आपला च, ज कुणी शिकवलाच नव्हता. चमच्याला च्यमच्या म्हणते, आणि हे मराठी म्हणून खपवतात. लाज नाही.

"घरात सवत आणली, तीही परमुलखातली," अनुसया म्हणाली. तिला काही कळेना, मी लिहिणं सोडलं. सगळा संसार आम्ही भांडत केलेला. कॅन्सरनं मेलो नाही, त्या शांततेनं मेलो असतो.

शेवटी तिनंच आपल्या कानांना ही शिकवणी लावली. रोज सकाळी, माझ्याकडे न बघता, नुसतं ऐकून. आधी शब्द, मग वाक्यं.

काल जेवताना मी टाइप केलं. मोबाइल म्हणाला, "आमटीला च्यवच्य नाही."

"चव तुमच्या जिभेला नाही," ती ओट्यापाशी पाठमोरीच म्हणाली. "ऑपरेशनपासून सगळंच सपक लागतंय तुम्हाला."

मी चिडून उत्तर लिहायला घेतलं. बोटं जाड, अक्षरं सापडेनात. तिनं गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.

"सावकाश लिहा. ऐकल्याशिवाय मी उठत नाही."