दाताची धार

"हा बघा, हा दात. हाच चावतोय तिला," म्हणत सुतार लेकीचा गाल स्वतःच बाजूला ओढायला पुढे झाला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला हातानेच थांबवलं. "काका, तुम्ही बसा. मला बघू दे."

तो बसला नाही. खुर्चीत आडवी झालेली लेक चांगली बावीस वर्षांची, कमावती होती. पण तिच्या वतीने तोच बोलत होता. गालाच्या आत वाटाण्याएवढा काळपट फोड आला होता. सकाळी दात घासताना तो फुटला आणि बेसिन लाल झालं.

"आधी वाटलं, चहा गरम प्यायली. घाईच फार हिला. मग म्हटलं, कडक टोस्ट लागला असेल. नाहीतर झोपेत गाल चावला असेल. शेवटी बॅटरी लावून बघितलं तर दाताला धार! फळीला सल राहिला की हात फाडतो ना, तसलाच प्रकार. जरा कानस मारली की झालं."

"जीभ वर कर गं," बाई म्हणाल्या.

जिभेखाली आणखी दोन फोड होते. टाळूला एक. बाईंच्या हातातला छोटा आरसा जागच्या जागी थांबला.

"टाळूपर्यंत दात पोचत नाही, काका."

"मग तो टोस्टच."

बाईंनी आता मुलीलाच विचारलं, "थकवा येतो?"

"जिना चढताना दम लागतो."

"अंगावर कुठे डाग?"

मुलीने बापाकडे पाहिलं आणि पॅंट गुडघ्यापर्यंत वर सरकवली. नडगीभर बारीक लाल ठिपके होते. पोटरीवर हिरवे-निळे वण.

"हे पलंगाचं ना?" सुतार म्हणाला. "कोपरा लागला म्हणालीस. मी तो घासून गोल केला की."

"कोपरा नव्हता लागला, बाबा. काहीच लागलं नव्हतं."

बाईंनी फोन उचलला. हॉस्पिटलात कोणाशी तरी हळू आवाजात बोलल्या. मग म्हणाल्या, "रक्त तपासायला हवं. आत्ताच जा. घरी नको, थेट तिकडेच."

सुताराने हात जोडले. "आलोच आहोत तर तेवढा दात घासून द्या. एवढंच करा, बाई."

"आज तिच्या तोंडाला मी काहीही लावणार नाही. रक्त आलं तर ते थांबणार नाही."

"मग द्या ती कानस इकडे! मी घासतो!"

त्याचा आवाज बाहेर बसलेल्या पेशंटांपर्यंत गेला. लेक उठली. तिने त्याच्या दंडाला धरलं. "चला, बाबा."

हॉस्पिटलात नर्सने रक्त काढलं, त्या जागी कापूस ठेवला. "दाबून धरा, मी आलेच," म्हणून ती नळी घेऊन गेली. सुताराने अंगठा ठेवला. लेकीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. अर्धा तास झाला तरी त्याचा अंगठा तिथेच होता.

नर्स परत आली ती एकटी नाही. सोबत डॉक्टर होते, चाकांची खुर्ची होती.

"हिला चालवू नका," डॉक्टर म्हणाले. "रक्त गोठवणाऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात. दाखल करून घेतोय."

"कशाने?"

"ते अजून शोधायचंय."

"पण दाताने नाही?"

"नाही, दाताने नाही," डॉक्टर म्हणाले.

नर्सने मुलीला खुर्चीत बसवलं. "सोडा आता, काका. आम्ही बघतो."

त्याने अंगठा उचलला. कापूस पार लाल झाला होता, आणि त्याच्या कडेने पुन्हा एक थेंब फुगत होता. त्याने अंगठा परत दाबला.

"दुखतंय, बाबा."

त्याने ऐकलं. पण हात सैल होईना. खुर्ची चालू लागली तसा तोही कमरेत वाकून, अंगठा न उचलता, तिच्याबरोबर आत गेला.